नववी-दहावीच्या वेळापत्रकात स्वयंअध्ययनाच्या तासिका असाव्यात का?

नेरूळचा पालक यांचा प्रश्न

नमस्कार. माझा मुलगा नवी मुंबईतील एका अनुदानित, मराठी माध्यमाच्या शाळेत शिकतो आणि येत्या जूनमध्ये दहावीत जाईल. पुढील वर्षाच्या वेळापत्रकात नववीसाठी आठवड्याला दोन आणि दहावीसाठी तीन तासिका स्वयंअध्ययनासाठी राखून ठेवाव्यात, असा प्रस्ताव मुख्याध्यापकांनी पालक-शिक्षक संघाच्या बैठकीत मांडला आहे. गणित आणि विज्ञान यांच्या वाट्यातून प्रत्येकी एक तासिका काढली जाईल. त्या वेळी विषयशिक्षक वर्गात उपस्थित असतील, मात्र ते नवा भाग शिकवणार नाहीत आणि मुले त्यांच्या देखरेखीखाली स्वतः अभ्यास करतील. दहावीची तिसरी तासिका इंग्रजीतून काढली जाणार असून त्या वेळी मुलांनी वाचनालयात बसून आपापले काम करावे आणि तेथे केवळ ग्रंथपाल असावेत, अशी योजना आहे.

बैठकीत बरीच खडाजंगी झाली. काही पालकांचे म्हणणे असे की, मुलांना शाळेत शिकवण्यासाठी पाठवले जाते, बसवून ठेवण्यासाठी नाही. अभ्यास घरी होतो. दुसऱ्या बाजूचे पालक म्हणतात की, साडेबाराला शाळा सुटते, तीन वाजता क्लास सुरू होतो, तो संपून मूल घरी येईपर्यंत सात वाजतात आणि त्यानंतर शाळेचा गृहपाठ व क्लासचा गृहपाठ यांतच रात्र संपते. अशा दिनक्रमात मुलाने स्वतःहून पुस्तक उघडून विचार करायचा तरी केव्हा? मला हा दुसरा मुद्दा पटतो; पण तासिका पस्तीस मिनिटांची, तुकडीत साठ मुले आणि पोर्शन पूर्ण होण्याची दरवर्षीचीच ओढाताण, हे लक्षात घेता ही योजना प्रत्यक्षात कशी राबवली जाईल याची शंका वाटते. पुढील बैठकीत मतदान होणार आहे. शाळेत काम केलेल्या किंवा असा प्रयोग जवळून पाहिलेल्या सदस्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

घोडबंदरवासी यांचे उत्तर

माझा स्पष्ट विरोध आहे. माझ्या मुलीच्या शाळेत वेळापत्रकावर ही तासिका होती. पहिल्या घटक चाचणीपर्यंत ती बरी चालली. नंतर ज्या विषयाचा भाग मागे राहिला असेल त्या विषयाचे शिक्षक ती मागून घेऊ लागले आणि ज्या दिवशी कोणी मागितली नाही त्या दिवशी वर्ग मॉनिटरच्या हवाली असे. मॉनिटर फळ्यावर बोलणाऱ्यांची नावे लिहीत असे, एवढेच काय ते अध्ययन. कागदावर गोंडस नाव द्यायचे आणि प्रत्यक्षात ऑफ तास करायचा, यापेक्षा गणिताची तासिका गणितालाच राहू द्यावी.

चरईकर यांचे उत्तर

मी ठाण्यातील एका माध्यमिक शाळेतून पर्यवेक्षक म्हणून निवृत्त झालो. वेळापत्रक लावणे आणि बदली तासांची वही सांभाळणे ही दोन्ही कामे माझ्याकडे दीर्घकाळ होती, त्यामुळे घोडबंदरवासी यांनी वर्णन केलेला प्रकार मला अपरिचित नाही. किंबहुना, असा प्रकार का होतो हे आधी समजून घेतल्याखेरीज या प्रस्तावावर मत देता येणार नाही, असे मला वाटते.

शाळेत दररोज कोणी ना कोणी शिक्षक अनुपस्थित असतो. कोणाची रजा असते, कोणी प्रशिक्षणाला गेलेले असते, निवडणुकीचे किंवा जनगणनेचे काम आले की एकाच वेळी अनेक जण बाहेर असतात आणि मार्चमध्ये बोर्डाच्या उत्तरपत्रिका तपासण्याचे काम असते. पर्यवेक्षक सकाळी वही उघडतो आणि मोकळ्या शिक्षकांची नावे रिकाम्या वर्गांपुढे लिहू लागतो. ज्या तासिकेला ‘शिकवणे’ नाही ती तासिका त्याला मोकळीच दिसते; त्या वर्गावरील शिक्षकाला तो निःशंकपणे दुसरीकडे पाठवतो. हे कोणाच्या वाईट हेतूने घडत नाही. वहीच्या रचनेमुळे घडते. म्हणून आपण बैठकीत पहिली मागणी अशी करावी की, स्वयंअध्ययनाच्या तासिकेवर नेमलेल्या शिक्षकाला त्या वेळी बदली तास दिला जाणार नाही आणि कोणताही विषय ती तासिका मागून घेणार नाही, असे मुख्याध्यापकांनी लेखी द्यावे. हे मिळणार नसेल तर विरोधी मत द्यावे.

आता देखरेखीविषयी. साधारणतः देखरेख म्हणजे शिस्त असे समजले जाते आणि शिक्षक टेबलापाशी बसून दुसऱ्या वर्गाच्या वह्या तपासत असतात. वर्ग शांत असतो, त्यामुळे सर्वांना समाधान वाटते. परंतु विषयशिक्षकाला तेथे बसवण्याचे कारण मुळात वेगळे आहे. दहावीच्या गणित भाग एकमधील वर्गसमीकरणांचे उदाहरण घेऊ. अवयव पाडून समीकरण सोडवताना मुलांना पहिले आणि शेवटचे पद गुणून येणाऱ्या संख्येची फोड करावी लागते. पहिल्या पदाचा सहगुणक सहा, मधले पद वजा एक आणि शेवटचे वजा दोन असेल तर गुणाकार वजा बारा येतो. चार आणि तीन ही जोडी बहुतेक मुलांना सापडते. पण वजा चिन्ह चारला द्यायचे की तीनला, येथे पेन थांबते. फळ्यावर शिकवताना हा थांबा शिक्षकाला दिसत नाही, कारण फळ्यावर शिक्षकाचाच हात चालत असतो. घरी हेच मूल गाईड उघडते आणि पुढची ओळ उतरवून काढते. क्लासमध्ये उत्तर समोरूनच येते. हा थांबा दिसण्याची जागा एकच, ती म्हणजे मूल स्वतः सरावसंच सोडवत असताना त्याच्या बाकाशेजारी उभा असलेला शिक्षक. त्याने उत्तर सांगू नये. ‘दोन्हींची बेरीज किती यायला हवी?’ एवढेच विचारून पुढच्या बाकाकडे जावे.

प्रत्यक्ष व्यवस्थेबद्दल माझी मते थोडी कडक आहेत. पस्तीस मिनिटांची सुटी तासिका या कामाला पुरत नाही. वर्ग स्थिरस्थावर होण्यात पाच-सात मिनिटे जातात आणि शेवटची पाच मिनिटे दप्तर आवरण्यात. प्रयोगासाठी जशा दोन तासिका जोडून देतात तशी जोडतासिका द्यावी, मग ती पंधरवड्यातून एकदा आली तरी चालेल. ती दिवसाच्या शेवटी नसावी आणि खेळाच्या तासिकेनंतर तर मुळीच नसावी. मुलांनी बसताच वहीत त्या दिवशीचे काम लिहावे, आणि ‘गणिताचा अभ्यास’ असे मोघम न लिहिता ‘समरूपता, सरावसंच, अमुक ते अमुक प्रश्न’ असे लिहावे. पहिली वीस मिनिटे पूर्ण शांतता असावी आणि शंकासुद्धा विचारू नये. अडल्यास खूण करून पुढच्या प्रश्नाकडे जावे. अडलेल्या जागी थोडा वेळ बसून राहण्याची सवय मुलांना राहिलेलीच नाही, आणि माझ्या मते या तासिकेचा खरा उपयोग तीच सवय लावण्यात आहे.

नेरूळचा पालक

चरईकर सर, अत्यंत उपयुक्त माहिती दिलीत. बदली तासांच्या वहीचा मुद्दा बैठकीत कोणाच्याही लक्षात आला नव्हता. एक पूरक प्रश्न विचारतो. वाचनालयातील तासिकेबाबत एका पालकांनी असे सुचवले की, ऑगस्ट २०२४ मधील शासन निर्णयानंतर शाळेत सर्वत्र सीसीटीव्ही बसले आहेत, तेव्हा ग्रंथपालांबरोबर वेगळ्या शिक्षकाची आवश्यकता नाही. हे ग्राह्य धरावे का? आणि दहावीच्या मुलांना असे पूर्णतः मोकळे सोडणे कितपत योग्य आहे?

पाचपाखाडीकर यांचे उत्तर

मी काही वर्षे अमेरिकेत, न्यू जर्सी राज्यातील एका हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवत असे आणि आता ठाण्यात परतले आहे. तेथे ‘स्टडी हॉल’ नावाची तासिका असते आणि आपल्याकडील शाळा अशा कल्पना बहुधा तेथूनच घेतात, म्हणून तिच्यामागचे कारण सांगणे उचित होईल.

तेथील हायस्कूलमध्ये नववी ते बारावी अशी चार वर्षे असतात आणि प्रत्येक विद्यार्थ्याचे वेळापत्रक स्वतंत्र असते. न्यू जर्सीत शालान्त प्रमाणपत्रासाठी चार वर्षांत किमान १२० श्रेयांक मिळवावे लागतात. वर्षभर रोज चालणाऱ्या विषयाला साधारण पाच श्रेयांक असतात, म्हणजे वर्षाला सहा विषयांच्या आसपास हिशेब बसतो. दिवसात आठ तासिका असतील तर एक जेवणाची जाते आणि ज्याने जादा विषय घेतलेला नाही त्याच्याकडे एखादी तासिका उरते. अल्पवयीन विद्यार्थ्याला त्या वेळात शाळेत एकटे सोडता येत नाही. म्हणून त्याला स्टडी हॉलमध्ये पाठवतात. त्याला श्रेयांक नसतात. अनेक शाळांमध्ये हा हॉल म्हणजे जेवणाची कॅन्टीन किंवा सभागृह असते. वेगवेगळ्या इयत्तांची मुले तेथे एकत्र बसतात आणि ज्या शिक्षकाची पाळी असेल तो हजेरी घेतो, मग तो संगीताचा असो वा इतिहासाचा. बाहेर जायचे असल्यास परवानगीची चिठ्ठी घ्यावी लागते. शेवटच्या वर्षातील मुलांना काही ठिकाणी ही तासिका दिवसाच्या आरंभी किंवा अखेरीस देऊन उशिरा येण्याची वा लवकर घरी जाण्याची मुभा मिळते.

यातून दिसून येईल की, तो स्टडी हॉल हा मुळात अध्यापनशास्त्राचा विचार नसून वेळापत्रकातील उरलेल्या वेळाची सोय आहे, आणि म्हणूनच तो वाया जातो अशी तक्रार तेथील पालकही करतात. आपल्याकडे संपूर्ण तुकडी दिवसभर एकाच वर्गात बसते; वेळ उरण्याचा प्रश्नच नसतो. आपण ही तासिका दुसऱ्या विषयाकडून काढून घेत आहोत, त्यामुळे तिच्याकडून अपेक्षाही अधिक असायला हवी. अलीकडे तेथील बऱ्याच शाळांनी स्टडी हॉलऐवजी अशी व्यवस्था केली आहे की, त्या वेळात सर्व शिक्षक आपापल्या खोलीत उपलब्ध असतात आणि ज्या विषयात अडचण असेल त्या शिक्षकाकडे विद्यार्थी आधी नोंद करून जातो. मी स्वतः दोन्ही प्रकार पाहिले आहेत. कॅन्टीनमधील हॉलमध्ये माझे काम रखवालदाराचे होते. माझ्या प्रयोगशाळेत मुले स्वतःहून येऊ लागली तेव्हा मात्र त्यातील बहुतेक प्रश्न मी सकाळच्याच तासात शिकवलेल्या भागावर असत, हे मला काहीसे बोचले आणि उपयोगीही पडले.

या दुसऱ्या व्यवस्थेची पाळेमुळे जुनी आहेत. १९२० च्या सुमारास मॅसॅच्युसेट्स राज्यातील डाल्टन या गावच्या हायस्कूलमध्ये हेलन पार्कहर्स्ट यांनी घंटेनुसार चालणाऱ्या तासिका बाजूला ठेवल्या, प्रत्येक विद्यार्थ्याला महिन्याचे काम कराराप्रमाणे लिहून दिले आणि वर्गांच्या विषयवार प्रयोगशाळा केल्या. कोणत्या विषयाला केव्हा आणि किती वेळ द्यायचा हे विद्यार्थी ठरवत असे. झालेले काम तो आलेखाच्या कार्डावर दाखवत असे. नेदरलँड्समध्ये या पद्धतीच्या शाळा आजही मोठ्या प्रमाणावर आहेत. दहावीच्या मुलांना मोकळे सोडावे का, या आपल्या प्रश्नाचे उत्तर मला त्या करारात दिसते. वेळ कसा वापरायचा हे मुलाने ठरवावे, पण महिनाअखेर काय पूर्ण झालेले असावे हे आधी ठरलेले असावे. काहीच ठरलेले नसेल तर पंधरा वर्षांचे मूल वाचनालयात बसून वहीच्या मागच्या पानावर फुली-गोळा खेळेल, आणि त्यात मला तरी त्याचा फारसा दोष दिसत नाही.

सीसीटीव्हीबाबत इतकेच सांगते की, कोण बाकावरून उठले हे कॅमेऱ्याला दिसते. कोण चौथ्या पायरीवर अडले हे दिसत नाही. सुरक्षेसाठी कॅमेरे असावेत, परंतु त्यांची गणना देखरेखीत करू नये.

कोपरखैरणे शिक्षिका यांचे उत्तर

मी सध्या नववी-दहावीला विज्ञान शिकवते. चरईकर सरांविषयी आदर बाळगून एका बाबतीत असहमती नोंदवते. साठ मुलांच्या वर्गात वीस मिनिटे शंका न विचारण्याचा नियम हुशार मुलांना मानवतो. ज्यांना प्रश्नच समजलेला नाही त्यांची ती वीस मिनिटे नुसती खिडकीबाहेर पाहण्यात जातात. मी शेजारच्या मुलाशी हळू आवाजात बोलण्याची परवानगी देते आणि प्रत्येक वेळी एकाच रांगेकडे पूर्ण लक्ष देते. सर्व साठ मुलांपर्यंत एका तासिकेत पोहोचण्याचा प्रयत्न केला तर कोणापर्यंतच पोहोचता येत नाही.

घोडबंदरवासी यांना वाटणारी पोर्शनची काळजी आम्हालाही आहे. विज्ञानाच्या ४० गुणांच्या दोन लेखी परीक्षा आणि त्याशिवाय अंतर्गत मूल्यमापनाचे २० गुण, यांसाठी प्रयोगवही पूर्ण करून घेणे हेच मोठे काम असते. तरीही मी या तासिकेच्या बाजूने आहे, कारण अभ्यास घरी होतो हे विधान सर्व घरांना लागू पडत नाही. माझ्या वर्गात घणसोली-रबाळे भागातील अशी मुले आहेत जी एका खोलीच्या घरात राहतात. तेथे संध्याकाळी दूरदर्शन संच सुरू असतो, लहान भावंडे असतात आणि स्वयंपाकही त्याच खोलीत होतो. परिसरातील अभ्यासिका स्पर्धा परीक्षांच्या उमेदवारांनी भरलेल्या असतात आणि तेथे शाळकरी मुलांना सहसा जागा मिळत नाही. क्लासची फी परवडत नाही ती मुलेही हीच. ज्या पालकांनी बैठकीत विरोध केला त्यांच्या मुलांना कदाचित या तासिकेची गरज कमी असेल. पण मतदान करताना उरलेल्या बाकांचाही विचार व्हावा.

आणखी एक गोष्ट पालकांनी घरीही लक्षात ठेवावी. मोकळा वेळ मिळाला की मुले धडा पुन्हा वाचतात, ओळी पिवळ्या करतात आणि आपल्याला आले असे समजतात. रोडिगर आणि कार्पिकी या अमेरिकेतील संशोधकांनी २००६ साली विद्यार्थ्यांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध आहे. काहींनी उतारा पुन्हा वाचला, तर काहींनी तो बाजूला ठेवून जे आठवते ते लिहून काढले. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. म्हणून माझ्या तासिकेत पहिली दहा मिनिटे पुस्तक बंद असते. कोऱ्या कागदावर, उदाहरणार्थ, भिंगावरील किरणाकृती किंवा आवर्तसारणीतील गणांचे गुणधर्म आठवतील तसे काढायचे आणि त्यानंतर पुस्तक उघडून लाल पेनाने चुका दुरुस्त करायच्या. त्या लाल खुणा म्हणजेच त्या दिवशीचा अभ्यास. हे कागद मी तपासत नाही, फक्त चाळते. तपासू लागले की मुले शेजाऱ्याचे पाहून लिहितात.

इंग्रजीची तासिका काढून घेण्यास मात्र माझा विरोध आहे. मराठी माध्यमाच्या मुलांना इंग्रजी ऐकण्या-बोलण्याची जी थोडीबहुत संधी मिळते ती त्याच तासात. वाचनालयाची तासिका हवी असल्यास ती भाषा आणि सामाजिक शास्त्रे यांच्यातून आळीपाळीने काढावी.

घोडबंदरवासी

ताई, आपला घरांविषयीचा मुद्दा मान्य आहे. बदली तास न देण्याचे लेखी आश्वासन मिळणार असेल तर माझा विरोध मी मागे घेतो. मात्र असे आश्वासन कोणती शाळा देईल याबद्दल मी साशंक आहे.

नेरूळचा पालक

सर्वांचे आभार. बैठकीत मी असा सुधारित प्रस्ताव मांडणार आहे: गणित आणि विज्ञान यांची प्रत्येकी एक जोडतासिका पंधरवड्यातून एकदा, त्या वेळी त्याच विषयाचे शिक्षक, त्याच विषयाचे काम आणि बदली तास नाही. दहावीच्या वाचनालय तासिकेसाठी महिन्याचे काम आधी लिहून दिलेले असावे आणि ग्रंथपालांबरोबर एक शिक्षक असावा. इंग्रजीच्या तासिकेला हात लावू नये. वाचनालयाची तासिका जूनपासूनच सुरू करावी की काही काळ थांबावे, एवढे कोणी सांगू शकेल का?

चरईकर

थांबावे. जून ते पहिल्या सत्राच्या परीक्षेपर्यंत केवळ वर्गातील देखरेखीची तासिका चालवावी. काम नेमके लिहिण्याची सवय तोपर्यंत लागते. दिवाळीच्या सुट्टीनंतर वाचनालय सुरू करावे आणि आरंभी एकेका तुकडीतील निम्म्याच मुलांना पाठवावे, म्हणजे बसायला जागाही पुरेल. ज्यांचे महिन्याचे काम पूर्ण होत नाही त्यांनी पुढील महिन्यात वर्गातच बसावे; ही शिक्षा आहे असे मात्र त्यांना सांगू नये. शिक्षिका ताईंची रांगेची पद्धत माझ्या वीस मिनिटांपेक्षा अधिक व्यवहार्य वाटते, विशेषतः साठ मुलांच्या वर्गासाठी.

आणखी एक. जानेवारीत पूर्वपरीक्षेचे वेळापत्रक लागते तेव्हा सर्व खास तासिका आपोआप रद्द होतात आणि जादा तास सुरू होतात. मुलांना स्वतः बसून अभ्यास करण्याची सर्वाधिक गरज नेमकी त्याच वेळी असते. तेव्हा आपल्या प्रस्तावात ‘पूर्वपरीक्षा संपेपर्यंत’ हे शब्द आजच घालून घ्यावेत. डिसेंबरमध्ये मागणी केली तर वेळापत्रक आधीच छापून झालेले असते.